विज्ञानाने वाढवलेले महाकपी

शास्त्रज्ञांनी क्लोनिंगने जन्माला घातलेला आणि कुंपणाआड वाढवलेला अवाढव्य कपी ही विज्ञानकथांची आणि चित्रपटांची आवडती कल्पना असली, तरी तिचे दोन भाग वेगवेगळे तपासावे लागतात. पहिला भाग जन्माचा आहे आणि तो आजही कल्पनेतच आहे. दुसरा भाग संगोपनाचा आहे. त्याला शंभर वर्षांहून अधिक लांबीचा, कागदोपत्री नोंदलेला आणि बराचसा विसरला गेलेला इतिहास आहे. कपी म्हणजे शेपूट नसलेले वानरकुलातील प्राणी. त्यांपैकी चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांना त्यांच्या आकारामुळे आणि मेंदूच्या वाढीमुळे महाकपी म्हटले जाते. भारतात महाकपी आढळत नाहीत. ईशान्येकडील जंगलांतला हुलॉक गिबन हा येथला एकमेव कपी असून तो लघुकपींमध्ये मोडतो.

जन्माच्या भागाविषयी थोडक्यात सांगता येते. क्लोनिंगच्या प्रचलित पद्धतीत अंडपेशीतील केंद्रक काढून त्याजागी दुसऱ्या प्राण्याच्या शरीरातील पेशीचे केंद्रक बसवले जाते आणि त्यातून तयार झालेला भ्रूण पर्यायी मातेच्या गर्भाशयात वाढवला जातो. या पद्धतीने ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत डॉली ही मेंढी जन्मली, तेव्हा त्यामागे २७७ प्रयत्न होते. वानरगणात हे साधायला आणखी वीस वर्षे लागली. शांघाय येथील चिनी विज्ञान अकादमीच्या चेताविज्ञान संस्थेत २०१७च्या अखेरीस झोंग झोंग आणि हुआ हुआ या लांब शेपटीच्या दोन मकाक माकडिणी जन्मल्या, त्यासाठी ७९ भ्रूण २१ माद्यांच्या गर्भाशयात ठेवावे लागले होते. महाकपीचा क्लोन मात्र अद्याप कोणी जन्माला घातल्याची नोंद नाही. पृथ्वीवर खरोखरच होऊन गेलेल्या सर्वांत मोठ्या कपीची, म्हणजे जायगँटोपिथेकसची गोष्ट तर त्याहून दूरची आहे. जर्मन-डच पुराजीवशास्त्रज्ञ फॉन कोनिग्सवाल्ड यांना १९३५ मध्ये हाँगकाँगच्या औषधी दुकानात, ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांत, त्याची दाढ सापडली. त्यानंतर दक्षिण चीनच्या गुहांतून दातांचा मोठा साठा आणि चार जबडे हाती आले, पण कवटी किंवा हातापायांची हाडे आली नाहीत. २०१९ मध्ये त्याच्या एका दाताच्या आवरणातून प्रथिनांचे अवशेष वेगळे करण्यात यश आले आणि तो ओरांगउटानचा दूरचा आप्त असल्याचे निश्चित झाले. परंतु क्लोनिंगला लागणारी जिवंत पेशी तर सोडाच, त्याचा डीएनएही उपलब्ध नाही. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर परिसरात, शिवालिकच्या थरांत मिळालेल्या एका अजस्र जबड्याला सिमन्स आणि चोप्रा यांनी १९६९ मध्ये याच प्रजातीसमूहातले नाव दिले होते. तो कपी आता इंडोपिथेकस या वेगळ्या नावाने ओळखला जातो, आणि तो चिनी महाकपीपेक्षा कितीतरी लाख वर्षे जुना आहे.

संगोपनाचा इतिहास विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू होतो. त्याआधी युरोपात महाकपी येत नव्हते असे नाही. ते सर्कशींत आणि प्राणिसंग्रहालयांत येत आणि थंडीने, क्षयाने किंवा अपुऱ्या आहाराने बहुधा वर्ष-दोन वर्षांत मरत. त्यांचा अभ्यास मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावर होई. जिवंत कपीला दीर्घकाळ सांभाळून त्याच्या वर्तनाचा अभ्यास करावा, या हेतूने उभारलेले पहिले केंद्र प्रशियन विज्ञान अकादमीने कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ बेटावर १९१२-१३ मध्ये स्थापन केले. जागेची निवड हिशेबी होती. बेटाची हवा उबदार होती, आणि कॅमेरून त्या वेळी जर्मन वसाहत असल्याने तेथे पकडलेले चिंपांझी युरोपच्या वाटेवरच उतरवून घेता येत. पिल्लू पकडायचे म्हणजे बहुधा त्याच्या आईला गोळी घालावी लागे. वसाहतींच्या व्यापारातील हा भाग शास्त्रीय ग्रंथांत क्वचितच येतो, पण पुढील कित्येक दशके प्रत्येक प्रयोगाची पहिली पायरी हीच होती.

डिसेंबर १९१३ मध्ये वोल्फगांग कोह्लर या केंद्राचे प्रमुख म्हणून तेथे पोहोचले आणि काही महिन्यांत पहिले महायुद्ध सुरू झाल्याने बेटावरच अडकून पडले. ब्रिटिशांना ते हेर वाटत होते, आणि या संशयावर पुढेही पुष्कळ लिहिले गेले. कोह्लर यांच्या प्रयोगांची मांडणी साधी असे. फळ हाताला न लागेल असे टांगायचे किंवा गजांपलीकडे ठेवायचे, आवारात खोकी आणि काठ्या टाकायच्या आणि प्राणी काय करतो ते पाहायचे. सुलतान नावाच्या चिंपांझीने पोकळ बांबूत दुसरी काठी खोचून लांब काठी बनवली, तर ग्रांदे नावाच्या मादीने एकावर एक चार खोकी रचून केळे काढले. चुकतमाकत शिकण्यापेक्षा वेगळी अशी, परिस्थितीची रचना एकदम उमगण्याची क्षमता प्राण्यांत असते, हा कोह्लर यांचा निष्कर्ष १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि मानसशास्त्रात ‘अंतर्दृष्टी’ ही संज्ञा त्या अर्थाने रूढ झाली. त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले, ते त्यांच्या काठ्या-खोक्यांइतके प्रसिद्ध झाले नाही: एकटा ठेवलेला चिंपांझी हा खऱ्या अर्थाने चिंपांझीच राहत नाही. पुढच्या पिढीने या वाक्याकडे लक्ष दिले असते, तर या इतिहासातील निम्मी पाने वेगळी लिहिली गेली असती. युद्धानंतर जर्मनीकडे पैसा उरला नाही, १९२० मध्ये केंद्र बंद झाले आणि उरलेल्या चिंपांझींची रवानगी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. संशोधकाचा ग्रंथ तयार झाला, तो मायदेशी परतला आणि ज्यांच्यावर ग्रंथ लिहिला गेला त्यांना जेथे जागा मिळाली तेथे पाठवले गेले, हा क्रम येथे प्रथम दिसतो.

याच काळात मॉस्कोत नादेज्दा लादिगिना-कोट्स यांनी दुसरी वाट धरली. त्यांचे पती अलेक्सांद्र कोट्स यांनी स्थापन केलेल्या डार्विन संग्रहालयाच्या आश्रयाने त्यांनी योनी नावाचे चिंपांझीचे पिल्लू १९१३ पासून घरातच वाढवले. तीन वर्षांत ते दगावले. पुढे १९२५ मध्ये जन्मलेल्या स्वतःच्या मुलाच्या वाढीच्या तशाच बारीक नोंदी ठेवून त्यांनी १९३५ मध्ये दोन्ही बालकांची तुलना करणारा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. एकाच वेळी दोघांना न वाढवता एकामागून एक वाढवल्यामुळे त्यांच्या नोंदींत जी सावधता आली, ती नंतरच्या अमेरिकन प्रयोगांत क्वचित आढळते.

महाकपींच्या पालनाचे व्यावहारिक ज्ञान मात्र विद्यापीठांकडे नव्हते. ते हवानातील रोसालिया आब्रेऊ या श्रीमंत स्त्रीकडे होते. तिच्या वाड्याच्या आवारात १९१५ मध्ये बंदिवासातील चिंपांझीचे पहिले ज्ञात पिल्लू जन्मले, आणि कपींचे खाणेपिणे, आजार आणि स्वभाव यांविषयी तिला जे ठाऊक होते ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्कीस यांनी १९२३ मध्ये स्वखर्चाने चिम आणि पँझी ही दोन पिल्ले विकत घेतली होती; पुढच्या वर्षी चिमला घेऊन ते हवानाला गेले, तेथेच चिम दगावला आणि आब्रेऊबाईंच्या अनुभवावर आधारलेले पुस्तक यर्कीस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. चिम हा चिंपांझी नसून बोनोबो होता, हे पुढे उघड झाले. बोनोबो ही वेगळी जात आहे हे त्या वेळी शास्त्राला माहीतच नव्हते.

रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने १९३० मध्ये फ्लोरिडातील ऑरेंज पार्क येथे येल विद्यापीठाची जी प्रयोगशाळा यर्कीस यांनी उभारली, तिच्यामुळे हौशी पालनाचे रूपांतर एका व्यवस्थित व्यवसायात झाले. येथे जन्मनोंदी होत्या, वजनाचे तक्ते होते, वंशावळी होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या पहिल्या पिल्लाचे नावही ‘अल्फा’ असे अक्षरमालेच्या आरंभाचे ठेवले गेले. चिंपांझी निसर्गात जसा आहे तसा राखण्यापेक्षा संशोधनाला सोयीचा होईल असा घडवणे हे आपले उद्दिष्ट असल्याचे यर्कीस यांनी १९४३च्या ग्रंथात निःसंकोच लिहिले आहे. जनुकांना हात न लावता, केवळ निवड, पैदास आणि संगोपन यांच्या बळावर मागणीबरहुकूम कपी तयार करण्याचा तो कार्यक्रम होता, आणि म्हणून क्लोन केलेल्या कपीच्या कल्पनेचा पूर्वज शोधायचा तर तो या प्रयोगशाळेत सापडतो. यर्कीस हे सुप्रजननवादी होते, म्हणजे मानववंशही निवडक पैदाशीने सुधारता येतो असे मानणाऱ्यांपैकी होते, ही गोष्ट या संदर्भात गौण नाही. पुढे अटलांटाच्या एमरी विद्यापीठाकडे गेलेल्या या केंद्रावरून त्यांचे नाव याच कारणाने २०२२ मध्ये काढण्यात आले.

घडवण्याच्या या भूमिकेचे टोक ऑस्टिन रीसेन यांच्या १९४०च्या दशकातील प्रयोगांत गाठले गेले. दृष्टी जन्मजात असते की अनुभवाने येते, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न सोडवण्यासाठी ऑरेंज पार्कमध्ये दोन नवजात पिल्ले सुमारे सोळा महिने जवळजवळ पूर्ण अंधारात वाढवली गेली. उजेडात आणल्यावर त्यांना वस्तू ओळखता येईनात आणि नंतर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाच इजा झाल्याचे आढळले. त्यामुळे निष्कर्षातही घोळ झाला, कारण पिल्लांना पाहायला शिकता आले नाही की पाहण्याचे साधनच नष्ट झाले, हे निश्चित सांगता येईना.

त्याच ऑरेंज पार्कमधून गुआ नावाचे साडेसात महिन्यांचे पिल्लू जून १९३१ मध्ये विन्थ्रॉप आणि लुएला केलॉग या दांपत्याने आपल्या दहा महिन्यांच्या मुलाचे भावंड म्हणून घरी आणले. दोघांना सारखे कपडे, सारखी खुर्ची, सारखेच लाड आणि सारख्याच चाचण्या, असा बेत होता. चमचा धरणे, दार उघडणे आणि सांगितलेले ऐकणे यांत गुआ आरंभी मुलापेक्षा पुढे होती. पण तिला बोलता आले नाही, आणि उलट मुलगाच खाणे दिसताच तिच्यासारखे हुंकार काढू लागला. नऊ महिन्यांनी, मार्च १९३२ मध्ये प्रयोग थांबला आणि गुआला पुन्हा पिंजऱ्यातल्या कपींमध्ये पाठवले गेले. पुढच्या वर्षी ती न्यूमोनियाने मेली आणि त्याच वर्षी केलॉग यांचे पुस्तक बाजारात आले. बोलण्याचा हट्ट तरीही संपला नाही. कीथ आणि कॅथरिन हेज यांनी १९४७ पासून घरी वाढवलेल्या विकीला ओठ हाताने दाबून शिकवूनही ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’, ‘अप’ एवढेच शब्द आले. माणसांची आणि प्राण्यांची छायाचित्रे वेगळी करायला दिल्यावर तिने स्वतःचे चित्र माणसांच्या गठ्ठ्यात ठेवले, असे सांगितले जाते. १९५४ मध्ये मेंदूज्वराने तिचा मृत्यू झाला.

कपींचा घसा आणि जीभ मानवी उच्चारांसाठी घडलेली नाहीत, असे विकीच्या चित्रफितींवरून मानून नेवाडा विद्यापीठातील ॲलन आणि बिअट्रिक्स गार्डनर यांनी १९६६ मध्ये वाशो या मादीला मूकबधिरांची खूणभाषा शिकवायला घेतली आणि तिने सुमारे १३० खुणा आत्मसात केल्याचे जाहीर केले. वाशो अमेरिकेत आली होती ती हवाईदलासाठी. न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डोजवळच्या हॉलोमन तळावर आफ्रिकेतून आणलेल्या चिंपांझींची वसाहत होती. तेथेच तरफा ओढण्याचे शिक्षण मिळालेला हॅम ३१ जानेवारी १९६१ रोजी साडेसोळा मिनिटांचे अंतराळउड्डाण करून जिवंत परतला. उड्डाण झाले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. नंतरची सतरा वर्षे त्याने वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात काढली. अंतराळवीरांची पाळी आल्यावर तळावरील त्याच्या जातभाईंचे हवाईदलाला काही काम उरले नाही, तरी त्यांची संख्या पैदाशीने वाढत राहिली.

भाषाप्रयोगांचा सर्वांत बोलका दाखला निम चिम्प्स्कीचा आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये ओक्लाहोमातील पैदास केंद्रात जन्मलेल्या या नराला काही दिवसांतच आईपासून दूर करून न्यूयॉर्कच्या एका कुटुंबात ठेवण्यात आले. कोलंबिया विद्यापीठातील हर्बर्ट टेरेस यांना त्याच्यामार्फत भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांचे, वाक्यरचना ही मानवाचीच मिरास आहे हे मत खोडून काढायचे होते. नावातली कोटीही त्यासाठीच होती. शिक्षक बदलत गेले, निम मोठा होऊन चावू लागला, पैसा आटला आणि १९७७ मध्ये त्याला ओक्लाहोमाला परत नेण्यात आले. टेरेस यांनी मग चित्रफिती पुन्हा तपासल्या आणि निम बहुधा शिक्षकांच्याच खुणांची नक्कल करतो, त्याच्या खुणांच्या माळा लांबल्या तरी त्यांत वाक्य नसते, असा स्वतःच्या मूळ अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. शास्त्रीय प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून हे नेहमी गौरवले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा निम जेमतेम सहा वर्षांचा होता आणि चिंपांझी चाळीस-पन्नास वर्षे जगतो. १९८२ मध्ये ओक्लाहोमाच्या केंद्राने त्याला इतर चिंपांझींबरोबर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेला लसींच्या चाचण्यांसाठी विकले. वृत्तपत्रांत ओरड झाल्यामुळे तो सुटला आणि टेक्सासमधील एका प्राणी-आश्रयस्थानात पोहोचला. तेथे आरंभी त्याच्या सोबतीला दुसरा चिंपांझी नव्हता. १० मार्च २०००ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो मेला. ज्या चिंपांझींचे नाव वर्तमानपत्रांत आले नव्हते, ते त्या प्रयोगशाळांतच राहिले.

या प्रयोगशाळांना चिंपांझी हवे होते ते कावीळ-ब आणि नंतर एड्स यांच्या संशोधनासाठी. सर्वसाधारण लसनिर्मितीला माकडे पुरत आणि त्यांचा मोठा पुरवठा भारतातून होई. पोलिओ लसीच्या काळात येथून लाल तोंडाची हजारो माकडे परदेशी गेली आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने ही निर्यात बंद केली. महाकपींच्या बाबतीत आफ्रिकेतून होणारी आयात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारामुळे त्याच दशकात थांबली, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८६ मध्ये देशांतर्गत पैदाशीचा कार्यक्रम हाती घेतला. अंदाज चुकला. एचआयव्हीची लागण झालेले चिंपांझी क्वचितच आजारी पडत, त्यामुळे ते त्या रोगाचे उपयुक्त प्रतिरूप ठरले नाहीत, आणि १९९५ मध्ये पैदास थांबवावी लागली तेव्हा प्रयोगशाळांच्या हाती शेकडो तरुण, निरुपयोगी आणि दीर्घायुषी प्राणी होते. या वळणापर्यंत, म्हणजे टेनेरीफनंतर ऐंशी वर्षे, प्रयोगाच्या अंदाजपत्रकात प्राण्याच्या उर्वरित आयुष्याचा खर्च धरण्याची रीत कोठेही पडली नव्हती. त्याला दुष्टपणापेक्षा अनुदानाची रचनाच अधिक कारणीभूत होती. अनुदान प्रश्नाला मिळते, त्याची मुदत तीन ते पाच वर्षांची असते, आणि प्रश्न सुटला किंवा सोडून दिला की ज्याच्यावर तो विचारला गेला तो जीव हिशेबाच्या वहीत शिल्लक माल म्हणून उरतो. खूणभाषा शिकलेली वाशो २००७ पर्यंत आणि कोको ही गोरिला २०१८ पर्यंत चांगल्या देखरेखीखाली जगल्या, त्या त्यांच्या सांभाळकर्त्यांनी आपली कारकीर्दच त्यांना वाहिल्यामुळे. व्यवस्थेचे त्यात श्रेय थोडे.

हिशेबाची ही त्रुटी कायद्याने प्रथम डिसेंबर २००० मध्ये मान्य केली. त्या वेळी अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार संशोधनातून मोकळ्या झालेल्या सरकारी चिंपांझींसाठी निवृत्तिस्थान उभारणे बंधनकारक झाले आणि लुइझियाना राज्यात असे आश्रयस्थान २००५ मध्ये सुरू झाले. अलामोगोर्डोच्या वसाहतीतून आलेले आणि मधल्या काळात एका खासगी प्रतिष्ठानाकडे गेलेले २८८ चिंपांझी राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००० मध्येच ताब्यात घेतले होते. त्यांतील उरलेल्यांना टेक्सासला नेऊन पुन्हा प्रयोगाला जुंपण्याचा बेत २०१० मध्ये बाहेर आला, त्यावर उठलेल्या वादातून तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि चिंपांझींवरील बहुतेक जैववैद्यकीय संशोधन अनावश्यक असल्याचा अहवाल तिने डिसेंबर २०११ मध्ये दिला. २०१३ मध्ये राखीव म्हणून पन्नास ठेवून बाकीच्यांना निवृत्त करण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते पन्नासही मोकळे करण्यात आले. अलामोगोर्डो येथील चाळीसहून अधिक वृद्ध चिंपांझींना प्रवास सोसणार नाही असे कारण देऊन २०१९ मध्ये तेथेच ठेवण्याचा निर्णय झाला, त्याला प्राणिहक्क संघटनांनी आव्हान दिले, आणि त्यांना आश्रयस्थानात न हलवणे हे २०००च्या कायद्याचे उल्लंघन असल्याचा निकाल मेरीलँडच्या संघराज्य न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला.